माळाच्या वावरातल्या राळ्याबाबत

लिहून ठेवणार: श्रीमती द्वारकाबाई पुंजाराम औताडे, वय चौऱ्याहत्तर वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे वाकळी खुर्द, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

मी वरील द्वारकाबाई हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या ओट्यावर बसून लिहिते आहे. माझी सातवी झालेली आहे व अक्षर बरे आहे. डोके ठिकाणावर आहे. बिडकीनच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो मागे टाचला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता आणि शंभरातून सात गेले किती असे विचारले. मी त्यांना उलट विचारले की राळ्याच्या पिकाची विरळणी कितव्या दिवशी करतात. त्यांना आले नाही, तरी त्यांच्याकडे कोणी दाखला मागितला नाही. मला कोणाचा दबाव नाही व कोणी फूस लावलेली नाही. गोळ्या चालू आहेत त्या फक्त रक्तदाबाच्या.

मला मूलबाळ नाही. माझे पती पुंजाराम २००९ साली वारले. मागे आहे तो एकच, माझे थोरले दीर कै. आप्पासाहेब व थोरली जाऊ कै. साळूबाई यांचा एकुलता एक मुलगा सुदर्शन. तो वाळूजला कंपनीत आहे, शिफ्टच्या बसने जातो-येतो. त्याची बायको मोनिका व मुलगी प्रेरणा. जे माझे आहे ते माझ्यामागे त्यांचेच होणार, त्यासाठी कागद काळे करायची गरज नव्हती. परंतु माळाचे वावर प्लॉटिंगवाल्याला द्यायचे सुदर्शनच्या मनात आहे. पांढरी गाडी दोनदा येऊन गेली. तिथे जेसीबी लागला तर काय वर येईल हे फक्त मला माहीत आहे. ते वावर विकले जाऊ नये म्हणून मला एक गोष्ट सांगावी लागत आहे, जी मी अकरा वर्षे कोणाला सांगितलेली नाही. ती कळल्यावर सुदर्शन माझे तोंड पाहणार नाही, म्हणून मी मेल्यावरच त्याला कळावी अशी तजवीज करते. हा भित्रेपणा आहे. असू द्या.

कलम १. गावातील माझ्या दोन खोल्या, ओटा व मागची न्हाणी सुदर्शनला. ओट्याची उजवी भिंत साळूबाईने १९९१ साली माझ्या अंगाला वीतभर सरकवून बांधली होती. त्यावरून आम्ही दोघी सहा वर्षे बोललो नाही. मीठ लागले तरी लेकराच्या हाताने मागायचो. आता दोन्ही घरे एकाचीच होतील व वाद मिटेल. तरी ती वीतभर जागा माझी होती हे नोंदवून ठेवते.

कलम २. पोस्टातली ठेव व गळ्यातली पोत मोनिकाला. ती माझ्याशी कधी वाकडे बोलली नाही. एखाद्या वेळी बोलली असती तर बरे वाटले असते, घरात माणूस आहे असे वाटले असते.

कलम ३. बारा इंची तिफण, तिचे चाडे व तीन नळे, चाळण्या, मोजायचा टेप व थोरले कोळपे प्रेरणाला. चाडे म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा, ज्यात मुठीने बी सोडतात, हे तिला सांगावे लागेल, तिने फक्त ट्रॅक्टर पाहिला आहे. माळावरच्या खोपीत दुसरे एक लहान कोळपे आहे, त्याची दांडी डाव्या हाताने झिजलेली आहे. ते कोणाला देऊ नये, मोडीत काढू नये व जागेवरून हलवू नये. ते वापरात आहे.

कलम ४. भिंतीवर काचेत लावलेले प्रशस्तिपत्र, 'सुधारित पद्धतीने राळा लागवड, तालुक्यात प्रथम, सन २०१४-१५', माझ्यासोबत जाळावे. त्यावर नाव माझे आहे, काम माझे नाही. कोणाचे ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ५. राळ्याच्या बियाण्याबाबत. कोठीत पत्र्याच्या पिंपात आहे ते घरचे बी आहे. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकायचे. तरंगेल ते पोचट, काढून टाकायचे. तळाला बसेल ते साध्या पाण्याने तीनदा धुवायचे, सावलीत सुकवायचे, मग जिवाणू खत चोळायचे. दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत चार बोटे. पंधरा ते वीस दिवसांत विरळणी, म्हणजे दाट झालेली रोपे उपटायची, त्यानंतर कोळपणी, म्हणजे ओळींमधले तण काढून माती हलवायची. फोकून, म्हणजे हाताने उधळून, पेरायचो तेव्हा दीड एकराला आठ-दहा किलो बी जायचे, ओळीत तीन किलोत भागते. हे सगळे मला बुद्धभूषण सोनवणे साहेबांनी शिकवले. ते तेव्हा आमच्या गावाला कृषी सहायक होते. साळूबाईला ते पटायचे नाही. "वळीत उभं कराया ती काय साळंतली लेकरं हायती का?" असे म्हणायची आणि साहेबांच्या देखत मुठीने बी फोकायची. साहेब चांगला माणूस, हसून चहा प्यायचे.

राळ्याचे बी फार बारीक. बोटांतून घसरते व एका जागी दाट पडते. म्हणून त्यात गोवरीची चाळलेली राख नाहीतर बारीक वाळू मिसळून पेरतात. माझ्या मागे फक्त वाळू मिसळावी. राख मिसळू नये. ही अट आहे, सूचना नव्हे.

कलम ६. माळाचे वावर, दीड एकर, मुरमाड, लिंबाच्या झाडासह, सुदर्शनला. अट अशी की ते विकू नये, भाड्याने देऊ नये, खणू नये, व दरसाल त्यात राळाच घ्यावा. कारण खालीलप्रमाणे.

आमच्या घरात पेरणीची मूठ जिच्या पोटी लेकरू आहे तिनेच धरायची. बाजरी असो, राळा असो, मूठ साळूबाईची. पस्तीस वर्षे मी बियाची पाटी डोक्यावर घेऊन तिच्या मागे चालले. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर एकदा बाजरीच्या पेरणीला मी चाड्याकडे हात नेला. तिने माझे मनगट धरले आणि कामाला आलेल्या सगळ्या बायांपुढे म्हणाली, "तुजा हात नको, द्वारके. वावर रिकामं ऱ्हाईल." डावखुरी होती, पकड घट्ट होती. हा अपमान मी विसरले नाही. विसरले असते तर पुढचे काही घडले नसते.

साळूबाई जून २०१४ मध्ये छातीत कळ येऊन गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. आमच्याकडे अस्थी वेगळ्या काढत नाहीत, सगळी रक्षा एका डब्यात भरून दहाव्याला पैठणला गोदावरीत सोडतात. तोवर डबा घरात आणायचा नसतो, म्हणून माळावरच्या पत्र्याच्या खोपीत ठेवला. तेलाचा पंधरा किलोचा डबा, तोंडाला फडके. त्याच खोपीत मी राळ्यासाठी चाळलेली गोवरीची राख ठेवली होती. तोही तेलाचाच डबा, आणि राख भिजू नये म्हणून त्यालाही फडके.

सातव्या दिवशी पाऊस झाला. नवव्या दिवशी वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली. सुतकात पेरत नाहीत हे मला माहीत होते. पण खरे सांगते, मला एवढेच वाटत होते की आता माझे मनगट धरायला कोणी नाही. गावातला सांडू औत घेऊन आला. तो आमच्या भावकीतला नाही, त्याला सुतक नव्हते. आता तोही हयात नाही. मी खोपीत गेले, हाताला लागला तो डबा घेतला, घमेल्यात बी आणि राख कालवली, आणि चाड्यावर मूठ धरली. सांडू पुढे बैल हाकत होता, मी मागे.

अर्धे वावर झाल्यावर एक नळा तुंबला. मी काडी घातली, खालून फुंकले, तर तळहातावर दाढ पडली. मग मी चाड्यात नीट पाहिले. गोवरीची राख काळपट असते. ही फिकी होती आणि तिच्यात पांढरी बारीक कणी होती.

"काय झालं, वैनी?" सांडूने पुढूनच विचारले.

मी म्हणाले, "खडा हाय."

तेव्हा मी थांबायला पाहिजे होते. घमेल्यात अजून निम्मी राहिली होती, ती तरी पैठणला गेली असती. मी मागे वळून पाहिले. माझ्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुठीने वावर भरत होते. मी दाढ तासाच्या चरीत टाकली, पायाने माती लोटली आणि सांडूला म्हणाले, "हाक." डबा चुकला ती चूक पहिल्या अर्ध्या वावराची. दुसऱ्या अर्ध्याला चूक म्हणता येत नाही.

सुदर्शन, दहाव्याला तू पैठणच्या घाटावर छातीइतक्या पाण्यात उभा राहून जो डबा रिता केलास, त्यात गोवरीची राख होती. तू आईला हाक मारलीस. मी काठावर उभी होते आणि पदर तोंडाला लावून रडत होते, ते रडणे खोटे नव्हते, पण तू समजलास त्यासाठीही नव्हते.

कलम ७. त्यानंतर जे घडले ते मी पाहिले तसे लिहिते. पटवून घ्यायचे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावे.

त्या साली राळा असा उगवला की एकही नांगी, म्हणजे मोकळी जागा, नाही. अठराव्या दिवशी मी विरळणीला बाया घेऊन गेले, तर विरळणी झालेली होती. उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर ओळीने ठेवलेल्या, मुळे उगवतीकडे, आणि जुडीला गवताचा पीळ उलटा, डाव्या हाताने दिलेला. बाया म्हणाल्या, तुम्हीच करून ठेवली आणि आमची मजुरी बुडवली. मी त्यांना अर्धी मजुरी दिली. कोळपणीचेही तसेच. भर दुपारी बाराला माळावर कोळपे चालल्याचा कुरकुर आवाज यायचा. जाऊन पहावे तर माती हललेली, पाऊल कोणाचे नाही, बैलाचेही नाही, आणि खोपीतल्या त्या लहान कोळप्याच्या लोखंडी पासेला ओली माती. शेजारच्या बाजरीवर पाखरांची झुंबड असायची. आमच्या राळ्यावर एकही बसत नव्हते. तारेवर रांगेने बसून नुसती बघायची.

सोनवणे साहेबांनी मोठ्या साहेबांना आणून वावर दाखवले. फोटो निघाले. कोणी विचारले, मावशी, इतकी नेटकी विरळणी कशी काय साधली, तर मी म्हणाले, सवय. प्रशस्तिपत्र मी दोन्ही हातांनी घेतले. जिने राळ्याच्या ओळीतल्या पेरणीला जन्मभर नावे ठेवली, तिच्याच हातचे काम होते ते. जिवंतपणी माझे ऐकले असते तर दोघींचे फोटो निघाले असते.

चौथ्या वर्षी मला सहन होईना. मी घरातले होते नव्हते तेवढे राळ्याचे बी गोणीत भरले, एकटी पैठणला नेले, नदीत सोडले आणि हात जोडून म्हणाले, बाई, जा आता. त्या साली माळ पड ठेवला. ना नांगर, ना पेरणी. जुलैत राळा उगवला. सोनवणे साहेबांना बोलावले.

ते म्हणाले, "गळालेलं बी उगवतं, बाई. त्यात नवल काही नाही."

मी त्यांच्या हातात टेप दिला. त्यांनी लिंबापासून बांधापर्यंत मापले, मग दुसऱ्या बाजूने मापले. सगळीकडे एक फूट. त्यांनी टेप गुंडाळला, खिशात घातला, तो माझा आहे हेही त्यांच्या लक्षात राहिले नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाच्या हाती परत पाठवला. त्यानंतर त्यांनी कोणा साहेबाला माळावर आणले नाही.

हे बी मी कोणाला दिले नाही. मालनबाई, तू साक्षीला बसणार आहेस म्हणून तुलाही सांगते, बचत गटात तू मला चिकट म्हणालीस, ते या बियावरून. मी चिकट नाही. दिले असते तर तुझ्याही वावरात ती आली असती. खायला मात्र मी सुदर्शनच्या घरी दरसाल पोहोचवत आले. साखरेचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी त्याला राळ्याचा भात सांगितला, आणि तो म्हणतो, काकू, तुझ्या राळ्याला चव न्यारी. मला वाटायचे, दुसऱ्या कोणाचा नसला तरी त्याचा त्यावर हक्क आहे. हे बरोबर केले की पाप केले ते मला अजून कळलेले नाही.

कलम ८. माझ्या रक्षेबाबत. गेल्या पाच वर्षांपासून लिंबाच्या अंगाची शेवटची ओळ रिकामी राहते. तिथेही बी पडते, पाणी तेच, खत तेच, पण राळा येत नाही. गवतसुद्धा येत नाही. बाकी वावर कमरेइतके होते तेव्हा ती एक पट्टी स्वच्छ असते, निंदून झाडून ठेवलेली. मी ती पाहून पहिल्यांदा घाबरले. नंतर माझ्या ध्यानात आले की ती जागा धरून ठेवली आहे. सहा वर्षे न बोललेल्या बाया आम्ही, पण त्याआधी आणि त्यानंतर एका चुलीवर भाकरी केल्या, एका दिवसात एकीने बाप आणि दुसरीने आई गमावल्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तिच्याशिवाय मला या गावात कोणी नावाने हाक मारली नाही. म्हणून माझी रक्षा पैठणला नेऊ नये. बियात कालवून त्या ओळीत पेरावी, आणि मूठ सुदर्शनने धरावी. एवढीच माझी इच्छा आहे, बाकीची कलमे इकडची तिकडे झाली तरी चालतील.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: वाकळी खुर्द
दिनांक: २२ मे २०२५

सही: द्वारकाबाई पुंजाराम औताडे

साक्षीदार:
१. बुद्धभूषण कडुबा सोनवणे, निवृत्त कृषी सहायक, रा. बिडकीन (सही)
२. मालनबाई अप्पाराव गव्हाणे, रा. वाकळी खुर्द (सही)

पुरवणी

दिनांक २५ मे २०२५, रविवार. त्या दिवशी सही झाल्यावर सोनवणे साहेबांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. पोराला तेवढा तरी हक्क द्या." मला राग आला, पण त्यांचे खरे होते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सुदर्शनला बोलावले व हे मृत्युपत्र पहिल्यापासून त्याला वाचून दाखवायला घेतले. कलम सहाला त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचे शेवटपर्यंत स्वतः वाचले.

त्याने एकच प्रश्न विचारला. "दाढ हातात आली तवा किती वावर ऱ्हायलं व्हतं?"

मी म्हणाले, "अर्धं."

तो उठून माळावर गेला. तासाभराने आला. मे महिना आहे, माळावर धूळ उडते आहे, आणि त्याच्या दोन्ही पावलांना घोट्यापर्यंत ओला चिखल होता. त्याने न्हाणीत जाऊन पाय धुतले.

मग ओट्यावर बसला व म्हणाला, "वावर इकत नाय. त्यांना सांगून टाकतो. औंदापासून मूठ मी धरतो. पन ते आठवं कलम काढा तुमी."

हा मुलगा बोलायला लागल्यापासून मला तू म्हणतो. आज तुम्ही म्हणाला.

मी म्हणाले, "अरे, ती वळ तिनं माझ्यासाठी ठिवली हाय."

"तुमाला कुनी सांगितलं तुमच्यासाठी हाय म्हनून? मी तिचा एकटा हाय. ती जागा माझी हाय." तो आवाज न चढवता बोलत होता. "तुमाला मी पैठणला नेईन, काकू. नीट नेईन. डबा खाली ठिवनार नाय, मांडीवर घिऊन जाईन."

मला लई लागले. तो गेल्यावर मी रडले. पण त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही, आणि त्याला त्या ओळीत जायची आजपासून एवढी खात्री कशी वाटते याची मला जी धास्ती बसली आहे, ती कोणत्या कलमात लिहावी ते मला समजत नाही. तो पन्नाशीचाही नाही.

सबब कलम ८ मी राजीखुशीने रद्द करते. राजीखुशी हा शब्द कायद्याला लागतो म्हणून लिहिला आहे. माझी रक्षा पैठणला सोडावी. बाकी कलमे कायम.

ठिकाण: वाकळी खुर्द
दिनांक: २५ मे २०२५

सही: द्वारकाबाई पुंजाराम औताडे

साक्षीदार, दोघेही समक्ष हजर:
१. बुद्धभूषण कडुबा सोनवणे (सही)
२. मालनबाई अप्पाराव गव्हाणे (सही)